गोल शिक्क्याच्या अभिप्रायात न मावलेले: आमच्या शाळेतील कळसूत्री बाहुल्यांचा खेळ

शाळाशाळांतून कार्यक्रम करीत हिंडणाऱ्या प्रत्येक कलाकाराच्या बगलेत एक फाईल असते. त्या फाईलीत प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली मुख्याध्यापकांची पत्रे असतात, प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक आणि शाळेचा गोल शिक्का असतो, आणि गाव कोणतेही असो, मजकूर एकच असतो : ‘कार्यक्रम अत्यंत उद्बोधक व मनोरंजक झाला. विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला. पुढील कार्यास शुभेच्छा.’ जादूगार, बहुरूपी, एकपात्री करणारे, पोवाडे गाणारे अशा कितीतरी जणांना मी हे तीन वाक्यांचे पत्र आजवर लिहून दिले आहे. गेल्या वर्षी आमच्या शाळेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे दोघेजण आले, तेव्हाही साडेतीनची एसटी गाठायची त्यांची घाई पाहून मी तेच लिहिले आणि शिक्का मारला. एसटी गेल्यावर मात्र ते पत्र मनात सलत राहिले, कारण त्या दिवशी जे चांगले झाले ते त्यात नव्हते आणि जे बिघडले तेही नव्हते. असे पथक शाळेत बोलावावे का, आणि बोलावलेच तर काय ठरवून घ्यावे, असे तालुक्यातील दोन-तीन सहकाऱ्यांनी विचारल्यामुळे तो अभिप्राय आता सविस्तर लिहीत आहे. पथकाचे नाव देत नाही, कारण पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि दोन माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.

आमची जिल्हा परिषदेची शाळा कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात आहे. वर्ग पहिली ते सातवी, पट १८६. पुण्या-मुंबईच्या मुलांना नाटक म्हटले की नाट्यगृह आठवते, आणि त्यामागे मोठी पुण्याई आहे : सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत सुरू केलेली लिटल थिएटर ही बालरंगभूमी, त्यानंतर रत्नाकर मतकरी यांची बालनाट्य संस्था, आणि १९८६ पासून मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात रुजलेली, मूळची बर्लिनची ग्रिप्स नाट्यचळवळ. आमच्या मुलांपैकी एकानेही नाट्यगृह आतून पाहिलेले नाही. त्यांच्यापर्यंत रंगभूमी पोहोचते ती एसटीने, ट्रंकेत बसून, आणि तीही परिपाठ संपल्यापासून खिचडी शिजेपर्यंतच्या वेळात मावेल तेवढीच. म्हणून शाळेच्या फाटकाशी येणाऱ्या या मंडळींकडे मी कधी फिरते विक्रेते म्हणून पाहिले नाही. तरी सगळेच सारखे नसतात, हेही इतक्या वर्षांत कळले आहे. दर मुलामागे दहा रुपये घेऊन पाऊण तासात टोपीतून कबुतर काढणारा जादूगार मुले दुसऱ्या दिवशी विसरतात. उलट अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पाण्याने पेटवून दाखवलेला दिवा, आणि त्यामागे कॅल्शियम कार्बाइडचा खडा आहे हे उघड करून सांगितलेले रहस्य, मुलांना पुढची तीन वर्षे आठवत होते. करामत आणि तिची उकल अशी दोन्ही मुलांच्या पदरात टाकणारा कार्यक्रम टिकतो, एवढी एक कसोटी माझ्याजवळ तयार झालेली होती आणि बाहुल्यांच्या खेळालाही मी मनातल्या मनात तीच लावून बसले होते.

पथक तळकोकणातले. साठीच्या आसपासचे काका आणि त्यांचा पंचविशीतला पुतण्या असे दोघे, फोंडा घाट चढून, आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव या कलेचे माहेर. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, पडद्यामागे दिवा लावून खेळवायच्या चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रांची पोथी उलगडत सांगायची चित्रकथी असे तिन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय मिळाला आणि देवळांतून खेळ करण्याचा मान वहिवाटीने चालत आला. त्याच गावचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्यात या कलांचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे घाटावरच्या आमच्यासारख्यांना या कलेचे नाव नीट कळले. आमच्याकडे आलेले पथक त्यांचे नव्हे, परंपरा मात्र तीच. आमच्या शेजारच्या सांगलीलाही बाहुल्या परक्या नाहीत. १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घालणारे सांगलीचेच विष्णुदास भावे स्वतः लाकडी बाहुल्या घडवणारे होते. सातवीच्या मुलांना हे मी आदल्या दिवशी सांगितले होते. त्यांच्या चेहऱ्यावर विशेष काही उमटले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

सकाळी मधली सरकती फळी काढून दोन वर्गांची एक खोली केली. पाऊण तासात रंगमंच उभा राहिला : दोन बाजूंना बांबू, वर आडवा बांबू, मागे काळे कापड आणि पुढे जरीकाठाची जुनी साडी वरच्या बांबूपासून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत ताणून बांधलेली. त्या साडीमागे काका उभे राहणार आणि काळ्या कापडासमोर बाहुल्या नाचणार. काळ्या पार्श्वभूमीवर काळा दोरा दिसत नाही ही साधी युक्ती, आणि ती पहिल्या दोन रांगांतील मुलांवर पूर्ण लागू पडली. तिसरीतील एक मुलगी खेळ संपेपर्यंत ‘आत बॅटरी हाय’ असेच शेजारणीला पटवून देत होती.

खेळाची सुरुवात गणपतीने झाली, पाठोपाठ मोरावरची सरस्वती आली, आणि मग रामायणातील सुवर्णमृगाचा प्रसंग. पुतण्या पखवाज आणि टाळ दोन्ही सांभाळीत होता, तर काका एकटे पाच जणांचे आवाज काढीत होते. हे हरीण मी आजवर पाहिलेल्या बाहुल्यांत सर्वांत सुंदर होते. दीड वीतभर लांबी, पिवळा रंग जागोजाग उडालेला, मानेला आणि पाठीला मिळून चारच दोरे. पण ते हरीण चालत नव्हते, थबकत होते. दोन पावले टाकून मान वळवायचे, कान टवकारल्यासारखे थांबायचे, सीतेजवळ यायचे आणि तिने हात पुढे केला की उसळी मारून पडद्याच्या कडेला जायचे. आमच्या शाळेमागे दाजीपूरचे जंगल आहे, मुलांनी खरी हरणे पाहिलेली आहेत. चौथीतील एक मुलगा आपण होऊन म्हणाला, ‘हे खरंच भ्यालंय.’ लाकडाच्या तुकड्याबद्दल कोणी असे म्हणावे यासाठी मनगटाला काय साधना लागत असेल, ते मी साडीच्या बाजूने वाकून पाहिले. काकांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका जवळजवळ स्थिर होती, हलत होता तो अंगठा, आणि तोही तीळभर.

याच प्रसंगात एक घोटाळा झाला. हरणाचा दोरा सीतेच्या दोऱ्यात गुंतला आणि दोघेही पडद्याच्या मधोमध एकमेकांना अडकून लटकले. एखाद्याने पडदा पाडून दोरे सोडवले असते. काकांनी सीतेच्याच आवाजात, आपल्या मालवणीत, ‘थांब गो बाये, माझो पदर अडाकलो’ असे म्हणत हरणालाच थांबायला सांगितले, हरणानेही समजूतदारपणे मान खाली घातली, आणि तेवढ्या अवधीत साडीमागे डाव्या हाताने गाठ सुटली. मोठ्या मुलांच्या लक्षात आले आणि तरीही सर्वांत मोठा हशा तिथेच पिकला. पुढे राम ‘ता हरण खंय गेला?’ असे विचारीत आला, तेव्हा दुसरीतली मुले माझ्याकडे वळून ‘बाई, ते काय म्हनतंय?’ असे विचारू लागली. उत्तर मी देण्याआधीच पाचवीतल्या एकीने दिले, ‘हरीण कुठं गेलं म्हनतोय, येडे.’ आपल्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून सतत टोकणाऱ्या आम्हा शिक्षकांसमोर प्रभू रामचंद्र दुसऱ्याच एका बोलीत बोलत होते आणि ते कोणालाही खटकले नाही. चौथीच्या बाईंनी पुढच्या आठवड्यात ‘खंय’, ‘कुठं’, ‘कुठे’ आणि ‘कोठे’ हे चार शब्द फळ्यावर लिहून तासभर गप्पा घडवून आणल्या. असा तास सांगून होत नाही.

आता उणिवांकडे वळते, आणि पहिली उणीव आमची स्वतःची आहे. पैसे एकदाच द्यायचे म्हणून आम्ही १८६ मुले एकाच खोलीत एकाच खेळाला बसवली. बाहुलीची उंची जेमतेम दीड फूट, साडीची खालची कड कंबरेएवढ्या उंचीवर, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेल्या सातवीच्या मुलांपुढे सहावीच्या मुलांच्या पाठी. पाचव्या रांगेनंतर बाहुल्यांचे अर्धे अंग दिसेना, आठव्या रांगेनंतर केवळ आवाज ऐकू येई. मागची मुले आधी गुडघ्यावर, मग उभी राहिली, आणि त्यानंतर शिक्षक त्यांना खाली बसवण्यातच गुंतले. लहान मुले पुढे बसवली म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण ज्यांना खेळातील बारकावे समजले असते ती सहावी-सातवीची मुलेच खेळाला मुकली. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ साली शाळांसाठी नाट्यपथक सुरू केले आणि त्यातून शिक्षणातील नाटकाची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिच्यात पथकाने सभागृहभर मुलांपुढे खेळ करण्याऐवजी एखाद-दुसऱ्या वर्गाबरोबरच काम करावे यावर भर होता. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र पथक काढले, त्यामागेही हाच विचार. ही माहिती मला प्रशिक्षणात मिळालेली होती, टिपणवहीत लिहिलेलीही होती, आणि तरीही मी सगळ्या शाळेला एका खोलीत कोंबले.

दुसरी उणीव पथकाची. त्यांनी चाकांवरचा एक मोठा स्पीकर आणला होता आणि काकांच्या गळ्यात माईक अडकवला होता. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज इतका घुमत होता की पहिल्या दहा मिनिटांत एकही संवाद धड कळला नाही, आणि दर थोड्या वेळाने शिट्टी वाजत होती ती वेगळीच. मी पुतण्याला खुणेने स्पीकर बंद करायला सांगितले. त्याने नाराजीनेच केला, कारण मोठा आवाज म्हणजे मोठा कार्यक्रम असा अनुभव त्यांना इतर शाळांत आलेला असावा. स्पीकर बंद झाल्यावर पखवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला, काकांच्या आवाजातले चढउतार ऐकू येऊ लागले, आणि मुलेही आपोआप गप्प झाली.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. मारीच पडला, लक्ष्मणाने रेषा ओढली, रावण गोसाव्याच्या वेषात दारी आला, आणि मुले श्वास रोखून बसलेली असताना खेळ तिथेच थांबवून ‘आता स्वच्छतेचा संदेश’ असे जाहीर करण्यात आले. प्लास्टिकच्या चेहऱ्याची, बाजारातून आणलेली एक बाहुली पुढे आली, मोबाईलवरून एक मुद्रित गाणे लागले, आणि हात धुणे, ओला कचरा, सुका कचरा, शौचालयाचा वापर असे सगळे विषय दहा मिनिटांत उरकण्यात आले. ज्या मनगटाने हरणाला भीती दिली तेच मनगट या बाहुलीला नुसते वरखाली हलवीत होते. मुलांनी लगेच ओळखले. जी मुले दहा मिनिटांपूर्वी रावणाला ‘जाऊ नको, रेषा हाय’ असे ओरडून सांगत होती ती आता एकमेकांचे पाय ओढू लागली. दुपारी जेवताना मी हा विषय काढला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, ‘बाई, ह्या नसला तर परवानगीचा पत्र गावना नाय.’ शाळांत खेळ करायचा तर वरून परवानगीचे पत्र लागते, अर्जात ‘कार्यक्रमाचा सामाजिक आशय’ असा रकाना असतो, आणि त्या रकान्यात सुवर्णमृग बसत नाही. त्यांचे म्हणणे मला पटले आणि दोष केवळ त्यांच्या माथी मारावासा वाटेना. तरीही अभिप्राय म्हणून लिहायचेच तर, तो तुकडा वाईट होता. लोभापायी सोन्याच्या हरणामागे धावण्याची गोष्ट ज्या मुलांना कळते, त्यांना आशय वेगळ्या पुडीत बांधून देण्याची गरज नसते.

संदेश संपल्यावर रावणाचा उरलेला प्रसंग घाईने झाला. त्यानंतर जे घडले ते मात्र ठरलेले नव्हते, आणि माझ्या मते त्या दिवसातले ते सर्वांत मोलाचे होते. पाचवीतला एक मुलगा सरपटत साडीच्या खालून आत शिरला. पुतण्याने त्याला हटकले, पण काकांनी त्याला उभे केले, हाताला धरून आपल्या बाजूला घेतले, आणि ‘आता सगळ्यांकाच दाखवतंय’ म्हणत समोरची साडीच सोडून खाली टाकली. मग हरणाचा तोच प्रवेश त्यांनी पुन्हा केला, या वेळी सर्वांदेखत. काका पूर्ण दिसत होते, बोटे दिसत होती, दोरे दिसत होते, हरणाचा आवाज काढताना हलणारे ओठही दिसत होते. मला वाटले, आता मुले माणसाकडे पाहतील. सुरुवातीला पाहिलेच, मिनिटभर सगळ्यांच्या नजरा बोटांवर होत्या. पण हरणाने मान वळवली आणि खोलीभरची डोकी हरणाबरोबर वळली. बॅटरी आहे असा दावा करणारी तिसरीतली मुलगी दोरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होती आणि तरीही हरीण जवळ आले की मागे सरकत होती. माझी जुनी कसोटी होती की करामत दाखवावी आणि मग तिची उकल सांगावी. इथे उकल समोर असताना करामत चालूच राहिली, आणि माझी कसोटी अपुरी होती हे मान्य करावे लागले. जादूगाराला ही सोय नाही. त्याच्या टोपीचा तळ दिसला की खेळ संपतो.

खिचडीनंतर पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी दीड तासाची कार्यशाळा ठरली होती. इथे तयारी तोकडी पडली. मुले ६२ होती आणि साहित्याचे संच ४० होते, त्यामुळे पहिली वीस मिनिटे जोड्या लावण्यात आणि रुसवे काढण्यात गेली. संचात पुठ्ठ्याचे आधीच कापलेले अवयव होते. मुलांनी ते रंगवायचे, पुतण्याने भोके पाडून जोडायचे आणि काकांनी दोरे बांधून द्यायचे. म्हणजे कारागिरीतला खरा भाग मोठ्यांनी करायचा आणि मुलांच्या वाट्याला स्केचपेन. कागदाचा लगदा वाळायला दोन दिवस लागतात आणि लाकूड कोरायचे हत्यार मुलांच्या हाती देता येत नाही, या अडचणी मलाही दिसतात. पण करवंट्या, जुने मोजे, सुतळी असे घरचे साहित्य आधी सांगितले असते तर आम्ही पोतेभर जमवले असते.

तरीही या कार्यशाळेतली दहा मिनिटे मी कधी विसरणार नाही. सातवीतल्या एका मुलीने काकांची वाट न पाहता स्वतःच दोरे बांधले, दोन कानांना दोन आणि हातांना दोन. बाहुली उचलली की तिचे सगळे धड कानांना लोंबकळू लागे, आणि हात हलवायला जावे तर मान कलंडे. काकांनी तिच्या हातातून बाहुली घेतली नाही. ‘वजन खांद्यार घे, मान मोकळी सोड,’ एवढेच म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. तिने कानांचे दोरे सोडून खांद्यांना बांधले, मग जरा आत सरकवले, पुन्हा बाहेर घेतले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाहुली सरळ उभी राहिली आणि बोट हलवताच मान डोलवू लागली. विज्ञानाचे गुरुजी शेजारीच उभे होते. गुरुत्वमध्याचा धडा त्यांनी महिन्यापूर्वी शिकवला होता आणि चाचणीत या मुलीला त्या प्रश्नाला शून्य गुण होते. गुरुजी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोरा आणि पुठ्ठा दिसला.

निरोपापूर्वी काकांनी चित्रकथीची काही पाने दाखवली. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, मोठ्या डोळ्यांची, बाजूने काढलेल्या चेहऱ्यांची. वेळ नव्हता म्हणून त्यांनी ती नुसती फिरवून ट्रंकेत ठेवली. हे न दाखवते तर बरे झाले असते, कारण ज्या कलेत चित्र धरून तासन्‌तास कथा गायची, ती कॅलेंडरासारखी उलटून दाखवण्यात तिचाच अपमान होतो.

पैशांचे सांगितल्याशिवाय असा अभिप्राय पुरा होत नाही. पथकाचे मानधन ५,००० रुपये, खेळ आणि कार्यशाळा मिळून, जेवण व मुक्कामाची सोय शाळेने करायची. दोन माणसे, दोन ट्रंका, दोन दिवसांचा प्रवास आणि एका आयुष्याचे कसब यांच्या मानाने ही रक्कम मला लाजिरवाणी कमी वाटते, आणि तीही उभी करताना आमची ओढाताण झाली. शासनाच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान धरलेले आहे. त्यातून वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-रजिस्टरे, अध्ययन साहित्य असे सारे भागवायचे आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकू द्यावे असे म्हटले आहे, आणि आमच्या राज्यात २०२४ पासून आनंददायी शनिवारही आला. कारागिराला द्यायचे मानधन कोणत्या खात्यातून काढायचे, हे मात्र मुख्याध्यापकाने ठरवायचे. आम्ही दर मुलामागे २० रुपये मागितले, १७२ मुलांनी आणले, ३,४४० रुपये झाले. उरलेले १,५६० रुपये शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी घातले. ज्या १४ मुलांनी पैसे आणले नाहीत त्यांची नावे वर्गात वाचायची नाहीत, एवढे मी सर्व वर्गशिक्षकांना बजावले होते, कारण पूर्वी एका शाळेत पैसे न आणलेल्या मुलांना जादूच्या प्रयोगाच्या वेळी व्हरांड्यात बसवलेले मी पाहिले आहे.

तेव्हा सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की बोलवावे, अवश्य बोलवावे, पण कलाकारांशी आधी फोनवर बोलून. एका खेळाला सत्तर-ऐंशीहून अधिक मुले बसवू नयेत. दोन खेळ करावे लागले तर दुप्पट पैसे देण्याची तयारी ठेवावी, आणि तेवढे जमत नसेल तर मोठ्या वर्गांनाच दाखवावे. मंच टेबलांवर चढवावा. स्पीकर घरीच ठेवायला सांगावा. संदेशाचा तुकडा नको असे स्पष्ट सांगावे, आणि परवानगीसाठी काही लिहून हवे असेल तर ते शाळेने आपल्या लेटरहेडवर द्यावे. कार्यशाळेचे साहित्य कोणते ते आठ दिवस आधी विचारून घ्यावे. पहिली-दुसरीची मुले दशमुखी रावणाला घाबरतात. आमच्याकडे दोघींना बाहेर न्यावे लागले, म्हणून त्यांना केवळ हरणाचा प्रसंग पुरे.

मी काकांना फोन करून पहिल्या पत्राऐवजी दुसरे पत्र पाठवू का, असे विचारले होते. ते म्हणाले की पहिलेच राहू द्या, कारण फाईल पाहणारे साहेब दोन ओळींपेक्षा जास्त वाचत नाहीत. पुढच्या खेळाची तारीख मात्र ठरली. नवरात्रापासून जत्रांच्या हंगामापर्यंत त्यांना देवळांची बांधिलकी असते, त्यामुळे जानेवारीतला तिसरा शनिवार. दोन खेळ, समोरची साडी अर्ध्यातून सोडायची, आणि रावण दारी आल्यावर मध्ये काहीही नाही. सातवीची ती मुलगी आता आठवीला पलीकडच्या गावच्या हायस्कूलला जाते. त्या शनिवारी तिला सुट्टी देण्याबद्दल तिथल्या मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी लिहायची राहिली आहे.